बाणाचा वेग, क्रोनोग्राफशिवाय

माझं धनुष्य रिकर्व्ह आहे, म्हणजे टोकं पुढे वळलेलं. माझ्या ओढीला, म्हणजे दोरी मी जिथवर ओढते तिथे, बोटांवर ३८ पौंड येतात. बाण कार्बनचा, टोक-पिसं-नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) सगळं धरून १८ ग्रॅम. क्रोनोग्राफ, म्हणजे बाणाचा वेग मोजणारं यंत्र, माझ्याकडे नाही आणि घ्यायचंही नाही, कारण वर्षातून दोनदा लागणाऱ्या आकड्यासाठी आणखी एक डबा सांभाळायला मी तयार नाही. पण आकडा लागतो, हे खरं. टोक बदललं, दोरी बदलली, लिंब्ज (धनुष्याच्या वरच्या-खालच्या लवचीक पात्या) थोडे आवळले की वेग बदलतो. वेग बदलला की साईट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची पिन आणि तिची पट्टी, हलवावी लागते. ७० मीटरला साईटचा दांडा पुरेल की पिन बाणाच्या वाटेत येईल, हेही वेगावरच ठरतं.

तेव्हा हा आकडा घरच्या घरी कसा काढायचा आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा, ते लिहिते. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. आकडा काय, कोणत्याही पद्धतीने निघतो.

आधी एक खुलासा. कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्यावर वेगाचा जो मोठा आकडा छापलेला असतो तो बहुतेक वेळा ७० पौंड, ३० इंच ओढ आणि ३५० ग्रेनचा हलका बाण धरून काढलेला असतो. ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. तुमची ओढ २७ इंच असेल, बाण ४२० ग्रेनचा असेल आणि दोरीवर पीप साईट (नेम धरताना ज्यातून बघायचं ती बारीक कडी) वगैरे बसवलं असेल, तर तो आकडा तुमचा नव्हे. रिकर्व्हवाल्यांना असा छापील आकडा मिळत नाही, म्हणून आम्ही तो गप्पांमध्ये तयार करतो. आमच्या रेंजवर एक मित्र आहे, त्याचे बाण दर मोसमात सेकंदाला दहा फुटांनी वेगवान होतात, धनुष्य तेच.

सगळ्यात सोपी वाटणारी पद्धत आवाजाची. फोनवर रेकॉर्डिंग लावायचं, बाण सोडायचा, दोरीचा आवाज आणि बाण टार्गेटमध्ये घुसल्याचा आवाज यांच्यातला वेळ मोजायचा. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्राममध्ये ती फाइल उघडली की दोन टोकदार उंचवटे दिसतात आणि त्यांच्यातलं अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वाचता येतं. फोन सेकंदाला ४४ हजारांहून जास्त वेळा नमुना घेतो, त्यामुळे घड्याळाची काहीच अडचण नाही. फक्त रेकॉर्डरमध्ये आसपासचा गोंगाट कमी करण्याची सोय चालू असेल तर बंद करा. नेमके असे तुटक आवाजच ती गिळते.

अडचण घड्याळाबाहेर आहे. फोन कुठे ठेवलाय?

माझ्या धनुष्याचंच गणित घ्या. ३० मीटरवर दोरीचा आवाज होण्यापासून बाण लागेपर्यंत खरा वेळ ०.५२ सेकंद जातो. पण फोन माझ्या पायाशी असेल तर बाण लागल्याचा आवाज ३० मीटर परत येईपर्यंत आणखी ०.०९ सेकंद जातात, कारण २० अंश तापमानाला आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो. फोनला दिसतात ०.६१ सेकंद, आणि वेग निघतो ४९ मीटर प्रतिसेकंद. आता तोच फोन टार्गेटजवळ ठेवा. तिथे दोरीचा आवाज उशिरा पोचतो, बाण लागल्याचा लगेच. दिसतात ०.४३ सेकंद, आणि वेग ६९ मीटर! धनुष्य एकच, बाण एकच, आणि फोन कुठे ठेवलाय एवढ्यावर वेगात वीस मीटरचा फरक. गप्पांमधले अर्धे आकडे इथेच तयार होतात असा माझा संशय आहे.

आवाजाचा वेळ वजा किंवा अधिक करून हे दुरुस्त करता येतं. पण मला त्याहून साधा उपाय आवडतो. फोन धनुष्यापासून आणि टार्गेटपासून सारख्याच अंतरावर ठेवायचा, म्हणजे निम्म्या वाटेवर, पण वाटेपासून चांगला बाजूला. मग दोन्ही आवाज सारख्याच उशिराने पोचतात आणि तो उशीर आपोआप कटतो. तापमान किती, आवाजाचा वेग किती, काही बघावं लागत नाही. फोन ठेवायला आणि उचलायला मात्र रेंज मोकळी झाल्यावरच जायचं, हे सांगायला नको, तरी सांगते.

फोन मधोमध ठेवला तरी गोष्ट संपत नाही. ३० मीटरला ०.५२ सेकंद म्हणजे सेकंदाला ५७.७ मीटर. तोच बाण १० मीटरवरून सोडला तर वेळ ०.१६ सेकंद, म्हणजे ६२.५ मीटर. जवळून वेग जास्त आणि लांबून कमी हे बरोबरच, हवा अडवते, असं वाटेल. पण वीस मीटरमध्ये हवा एवढं खात नाही. खरी गोम अंतरात आहे. आपण अंतर मोजतो ते मारताना जिथे उभं राहायचं त्या रेषेपासून. बाण मात्र दोरी सोडतो तेव्हा त्याचं टोक रेषेच्या पुढे मीटरभर पोचलेलं असतं: हात लांब असतो, धनुष्य हाताच्या टोकाला असतं आणि बाणाचा बराच भाग मुठीच्या पुढे गेलेला असतो. म्हणजे ३० मीटरचे असतात २९ आणि १० चे असतात ९. तीस मीटरमध्ये एक मीटर फार नाही, दहामध्ये तो दहा टक्के आहे.

शिवाय दोरीचा आवाज नेमका कधीचा? बोटं सुटतात तेव्हाही बारीक आवाज होतो आणि दोरी ताठ होऊन बाण सुटतो तेव्हा मोठा. या दोहोंमध्ये साधारण पंधरा-वीस हजारांश सेकंद जातात, कारण बाणाला दोरीवर तेवढा वेळ लागतो. आलेखावर कोणता उंचवटा धरायचा यावर वाद घालता येतो.

मी वाद घालत नाही. दोन अंतरांवरून बाण सोडते, दोन्ही वेळा फोन मधोमध, दोन्ही वेळा आलेखावरचा तोच उंचवटा धरते, आणि वजाबाकी करते. ०.५२ वजा ०.१६ म्हणजे ०.३६ सेकंद. अंतरांतला फरक २० मीटर. २० भागिले ०.३६ म्हणजे ५५.५ मीटर प्रतिसेकंद. तो मीटर, तो उंचवट्याचा घोळ, बाण लागताना टोक आत किती घुसलं आणि आवाज कधी झाला ही भानगड, सगळं दोन्ही मापांत सारखंच असतं, म्हणून वजाबाकीत निघून जातं. फुटांत हवं असेल तर ३.२८ ने गुणा: १८२.

दोन्हीकडून अर्थात एकेक बाण सोडून भागत नाही. चार-सहा बाणांची सरासरी घ्या, आणि ज्या बाणाला तुमची सुटका बिघडली असं तुम्हाला तेव्हाच जाणवलं तो बाद करा. नंतर आलेख बघून बाद करू नका. मग आवडीचे आकडेच उरतात.

हा ५५.५ धनुष्यातून निघतानाचा वेग नाही, वाटेतल्या त्या वीस मीटरचा सरासरी वेग आहे. माझ्यासारखा बारीक कार्बनचा बाण ३० मीटरमध्ये साधारण चार टक्के वेग गमावतो. जाड ॲल्युमिनियमचा, मोठ्या पिसांचा बाण याहून जास्त. म्हणजे निघताना माझा बाण ५७ च्या आसपास असणार. हे शेवटचे दोन-तीन टक्के अंदाजाचेच आहेत, आणि तुलना करायची असेल तर त्यांची गरजही नाही. टोक बदलण्याआधीचा आणि नंतरचा आकडा त्याच दोन अंतरांवरून काढला की झालं.

आता माझी आवडती पद्धत. तिला फोनही लागत नाही. ज्यांच्या धनुष्यावर साईट आहे आणि ज्यांनी आपल्या खुणा (कोणत्या अंतराला पिन कुठे) मेहनतीने पक्क्या केल्यात, त्यांचा वेग त्यांच्या पट्टीवर आधीच लिहिलेला आहे. फक्त तो मिलिमीटरच्या भाषेत आहे.

३० मीटर जाईपर्यंत माझा बाण जवळपास १.४ मीटर पडतो. ५० ला त्याहून खूपच जास्त. ही पडझड भरून काढायला बाण वर रोखावा लागतो आणि म्हणून पिन खाली आणावी लागते. वेगवान बाणाला कमी वेळ लागतो, तो कमी पडतो, त्याच्या खुणा एकमेकींजवळ असतात. संथ बाणाच्या खुणा विरळ. दोन खुणांमधलं अंतर मोजलं आणि डोळ्यापासून साईट किती लांब आहे ते माहीत असलं, की दोन्ही नेमांच्या कोनातला फरक मिळतो. गुरुत्वाकर्षण माहीतच आहे. उरतो तो वेग.

माझ्या ३० आणि ५० च्या खुणांमध्ये २६ मिलिमीटर आहेत. पूर्ण ओढीला डोळ्यापासून पिनपर्यंत ८५ सेंटीमीटर. २६ भागिले ८५० म्हणजे ०.०३०६. यात एक छोटी दुरुस्ती घालायची. हनुवटीखाली अँकर (ओढणारा हात टेकवायची ठरलेली जागा) असल्यामुळे बाणाचं नॉक डोळ्याच्या खाली असतं, माझ्या बाबतीत ११ सेंटीमीटर. बाणाला हे ११ सेंटीमीटर चढून नजरेच्या रेषेला यायचं असतं, आणि जवळच्या अंतराला ती चढण जास्त तीव्र पडते. म्हणून ०.११ मीटर गुणिले (एक तीसांश वजा एक पन्नासांश) म्हणजे ०.००१५ त्यात मिळवायचे. बेरीज ०.०३२१. आता ९.८१ गुणिले अंतरांतला फरक २०, म्हणजे १९६.२, त्याला या बेरजेच्या दुपटीने भागा, म्हणजे ०.०६४२ ने. येतात ३०५६. वर्गमूळ ५५.३.

आवाजाने ५५.५, साईटने ५५.३. दोन्ही पद्धतींचा एकमेकींशी काही संबंध नाही. एकीत सेकंद मोजले, दुसरीत मिलिमीटर. तरी ती इतकी जवळ आली म्हणून फार हुरळून जाऊ नये, कारण माझ्या खुणांमध्ये एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर वेग मीटरभराने हलतो. डोळ्यापासून पिनचं अंतर मात्र सेंटीमीटरभर चुकलं तरी फारसं बिघडत नाही. वर्गमूळ घेतलं की चूक निम्मी होते, हा या पद्धतीचा मोठेपणा. हवेचा अडथळा इथेही आपला हिस्सा घेतो, त्यामुळे हाही आकडा निघतानाच्या वेगापेक्षा तीन-चार टक्के कमी येतो.

डोळा ते पिन आणि डोळा ते नॉक ही अंतरं धनुष्य ओढलेलं असताना पट्टीने मोजायला जाऊ नका. ओढून धरलेल्या दोरीजवळ दुसऱ्याचा हात आणि तुमच्या डोळ्याजवळ पट्टी, दोन्ही नकोत. कुणाला तरी बरोबर बाजूने, थोडं लांबून फोटो काढायला सांगा. बाणाची लांबी माहीत असते, फोटोत तोच तुमचा मापदंड. दोन्ही खुणा घेताना साईट पुढे-मागे सरकवलेली नसावी, जमीन सपाट असावी आणि खुणा त्याच बाणांच्या असाव्यात. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १३० सेंटीमीटरवर असतो आणि डोळा त्याहून थोडा वर, याची चिंता सोडा. एवढ्या अंतराला त्याने काही होत नाही.

ज्यांच्याकडे साईट नाही, उघड्या धनुष्याने जे नेम धरतात, त्यांना आवाजाचीच पद्धत बरी.

स्लो-मोशनबद्दल विचारणारे खूप असतात. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या फोनमध्ये माझा बाण एका चित्रातून पुढच्या चित्रापर्यंत २४ सेंटीमीटर सरकतो. दोन काठ्या दोन मीटरवर रोवल्या तर मध्ये जेमतेम आठ चित्रं. एक चित्र इकडचं तिकडे मोजलं की बारा टक्के गेले. त्यातून काठ्या बाणाच्या वाटेच्या अर्धा मीटर मागे रोवल्या आणि फोन वाटेपासून पाच मीटरवर असला, तर बाणाने काठ्यांमधलं अंतर कापल्यासारखं दिसतं तेव्हा तो खरं तर त्याहून नऊ टक्के कमी गेलेला असतो. म्हणजे वेग फुगतो. काही फोन तर जादा संथ चित्रीकरणात मधली चित्रं स्वतःच रचून भरतात. ती मोजण्यात अर्थ नाही. बाण सुटताना कसा लवतो ते बघायला ही पद्धत उत्तम आहे. वेगासाठी मी ती वापरत नाही.

ऊर्जेची पद्धत वेगळ्या कारणासाठी करून बघावी. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा दोरीला लावायचा, आणि दर पाच सेंटीमीटरला किती किलो लागतात ते लिहीत पूर्ण ओढीपर्यंत जायचं. मग तसंच सावकाश परत यायचं. दोरी बाणाशिवाय कधीही सोडायची नाही, लिंब्ज फुटतात. किलोंना ९.८१ ने गुणून न्यूटन करा, आलेख काढा, त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे धनुष्यात साठलेली ऊर्जा. माझी ४० ज्यूल येते. त्यातली बाणाला किती मिळते? रिकर्व्हमध्ये साधारण सत्तर ते पंचाहत्तर टक्के, बाकी लिंब्ज आणि दोरी हलवण्यात जाते. सत्तर धरले तर २८ ज्यूल. १८ ग्रॅमच्या बाणाला त्यातून ५५.८ मीटरचा वेग मिळतो. पण हे सत्तर मीच धरले आहेत, हे विसरायचं नाही. पंचाहत्तर धरले असते तर ५७.७ आला असता. अंदाज घालून अंदाजच बाहेर काढायचा तर मोजमाप कशाला?

बाणाचं वजन करताना स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमच्या पुढे दाखवत नसेल तर बारा बाण एकदम ठेवा आणि बाराने भागा. २१६ ग्रॅम आले, म्हणजे १८.

झोक्याची पद्धत करमणूक म्हणून सांगते. बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळीचा वेग लोंबत्या ठोकळ्यावर गोळी मारून मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. तीच बाणाला चालते. चिंध्या ठासून भरलेली सहा किलोची पिशवी, टांगायच्या हुकापासून पिशवीच्या मध्यापर्यंत १.६ मीटर दोर, मागे भक्कम टार्गेट, आणि पिशवीला मागून टेकेल अशी हलकी काडी. बाण रुतला की पिशवी काडीला ढकलत मागे जाते आणि काडी तिथेच राहते. माझी काडी साडेसहा सेंटीमीटर सरकली. त्यावरून हिशेब ५४ च्या आसपास येतो, थोडा कमी. पिशवी झुलताना वळते, चिंध्या आत हलतात, काडी घासते, कमी येणारच. पण यात घड्याळ नाही, आवाज नाही, हवेचा अडथळाही नगण्य, कारण बाण चार-पाच मीटरवरूनच मारायचा असतो. बाण पिशवीच्या बरोबर मध्यावर लागायला हवा, आणि पूर्ण आत अडकायला हवा. पिशवीतून पार गेला तर हिशेब गेला.

एक पद्धत मात्र करू नका: पंचेचाळीस अंशांत वर मारून बाण किती लांब पडतो ते मोजणं. हवा नसती तर माझा बाण ३३० मीटरवर पडला असता. तो जिथे पडणार ती जागा मोकळी आहे याची खात्री कुठल्याही नेहमीच्या रेंजवर देता येत नाही.

ऊर्जेची पद्धत वेगळ्या कारणासाठी, असं वर म्हटलं, ते कारण असं. पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाची धनुष्यासाठी एक सुंदर कल्पना आहे. लिंब्ज आणि दोरी जी ऊर्जा खातात, ती जणू बाणालाच चिकटलेल्या एका जादा वजनाने खाल्ली असं समजायचं. हे आभासी वजन त्या धनुष्यासाठी जवळपास ठरलेलं असतं, बाण हलका असो की जड. माझी साठलेली ऊर्जा ४० ज्यूल आणि निघतानाचा वेग ५७ धरला तर एकूण वजन निघतं २४.६ ग्रॅम. त्यातून बाणाचे १८ काढले की उरतात ६.६. हे माझ्या धनुष्याचं आभासी वजन.

एकदा हे हाती आलं की नवा बाण न मारताच त्याचा वेग सांगता येतो. मला टोक २० ग्रेनने जड करून बघायचं होतं, म्हणजे १.३ ग्रॅम. बाण १९.३, आभासी ६.६, एकूण २५.९ ग्रॅम, ४० ज्यूलमधून वेग ५५.६. फरक दीड मीटरसुद्धा नाही, ऐकायला किरकोळ. पण ५० मीटरवर त्याचे होतात जवळपास १९ सेंटीमीटर खाली, आणि साईट तीन मिलिमीटरहून थोडी जास्त खाली न्यावी लागते. म्हणून जड टोकं बसवल्यावर ५० ला पहिला बाण मारण्याआधीच मी पिन सव्वातीन मिलिमीटर खाली घेतली. बाण टार्गेटच्या मधल्या पिवळ्या भागात, मध्यापेक्षा किंचित वर लागले. अर्धा मिलिमीटर परत वर घेतली, आणि ५० ची नवी खूण तीच ठेवली आहे.